डिस्चार्ज कार्डावरचे शब्द आणि आपलं मराठी : फिट, मिरगी, अपस्मार



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. पण खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. गावात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो आधी गुरुजींकडे येतो. बँकेची नोटीस असो नाहीतर दवाखान्याचं कार्ड. "गुरुजी, एवढं वाचून सांगा जी." आपण वाचतो, मराठीत सांगतो आणि पुन्हा वर्गात जातो. आपण आत्ता भाषांतर केलं, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

माझ्या डोक्यात ते एका चुकीनंतर आलं. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल.

काय घडलं?

आमचा भाग म्हणजे तिरोडा तालुक्यातला बोदलकसा परिसर. तलाव, धानाच्या बांध्या, मागे जंगल. माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. वाचता वाचता ती मध्येच थांबायची, एकटक बघत राहायची, बोटांनी फ्रॉकची किनार चिमटत बसायची. हाक मारली तरी उत्तर नाही. मिनिट-दीड मिनिटाने भानावर यायची आणि गोंधळून इकडेतिकडे पाहायची. मी समजलो, पोरीचं लक्ष नाही. दोनदा तिला उभं केलं. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "झोप काढायची तर घरी काढ."

पुढे एका रात्री घरी तिला मोठा झटका आला. घरच्यांनी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. काही दिवसांनी परत आल्यावर आई फाइल घेऊन शाळेत आली. मी कार्ड चाळलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की ई.ई.जी. नॉर्मल आहे. मी खुशीत सांगितलं, "ताई, मेंदूचा रिपोर्ट नॉर्मल आहे. काळजी करू नका."

आईने हात जोडले. महिन्याच्या गोळ्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आहे असं खुद्द गुरुजींनी सांगितलं होतं, मग गोळ्या कशाला? थोड्याच दिवसांनी पोरीला असा झटका आला की थांबेचना. गाडी वेळेवर आली म्हणून ती वाचली. आज ती आठवीत आहे आणि बरी आहे. पण त्या दिवशी मी शिकलो की इंग्रजी वाचता येणं वेगळं आणि कागदाचं मराठी करता येणं वेगळं. "नॉर्मल" हा शब्द मी जसाच्या तसा उचलून दिला. कागदात त्याचा अर्थ एक होता, आईच्या कानात दुसरा झाला.

आधी आपल्या तोंडातले शब्द पाहू

गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे. इथे एकाच वर्गात घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी बोलणारी मुलं बसतात. त्यामुळे या एका आजाराला घरोघरी वेगळा शब्द असतो.

मिरगी : आपल्याकडे हिंदीच्या वाटेने रुळलेला शब्द. मोठा झटका, तोंडाला फेस, एवढंच चित्र त्यात असतं.

फिट : इंग्रजीतून आलेला. "फिट येते" म्हणतात आणि "तब्येतीने फिट आहे" असंही म्हणतात. लहान मुलं इथे हमखास गोंधळतात.

आकडी : हातपाय आखडणं. बहुतेक वेळा लहान बाळाला तापात येते त्यालाच म्हणतात.

फेफरं : जुना मराठी शब्द. आता शिवीसारखा जास्त वापरला जातो, म्हणून पालकांना लागतो.

झटका : सगळ्यांना कळतो. पण विजेचाही झटकाच असतो. माझ्या वर्गात एकाने विचारलं होतं, "सर, तिला हात लावला तर आपल्यालाबी करंट लागते का?" उत्तर सरळ द्यायचं : नाही. हा स्पर्शाने लागणारा आजार नाही.

अपस्मार : सरकारी फलकावरचा शब्द. मूळ संस्कृत, स्मृती म्हणजे भान जाणं. चरकसंहितेत याचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि उन्मादाचं, म्हणजे वेडाचं, वेगळं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातला कुठलाच शब्द चुकीचा नाही. पण समोरच्या घरात कोणता शब्द चालतो आणि त्या शब्दात ते काय काय धरतात, हे आधी विचारल्याशिवाय सांगायला बसू नये. त्या मुलीची आई म्हणत होती, "मिरगी नाही जी तिले, ते तं नुसती पाहात राह्यते." तिच्या शब्दात एकटक बघणं बसतच नव्हतं, म्हणून तिच्या लेखी तो आजारच नव्हता. आणि माझ्या लेखी तो आळस होता.

पाऊस आणि पावसाळा

कागदावर दोन शब्द वारंवार येतात : सीझर आणि एपिलेप्सी. मराठी सांगताना दोन्हीला "मिरगी" म्हणून मोकळं होऊ नका. फरक मोठा आहे.

सीझर म्हणजे एक घटना. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी सूक्ष्म विजेच्या इशाऱ्यांनी बोलतात. काही क्षण पुष्कळ पेशी एकदम, बेताल बोलायला लागल्या की झटका येतो. एपिलेप्सी म्हणजे असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती. मी पालकांना सांगतो, "वैशाखात एक सर पडली म्हणून कोणी रोवणीला लागत नाही. सर म्हणजे पाऊस. पावसाळा लागला की नाही, ते वेगळं ठरवावं लागतं."

डॉक्टर ते कसं ठरवतात? एपिलेप्सीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ साली दिलेली व्याख्या साधारण अशी : ताप, साखर एकदम कमी होणं असं तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोन झटके आले, किंवा एकच आला पण तपासण्यांवरून पुन्हा येण्याची शक्यता मोठी दिसली, तर तिला एपिलेप्सी म्हणावं. म्हणून सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बाळाला तापात आकडी आली, तर तेवढ्यावरून त्याला अपस्मार झाला असं कुणी सांगू नये. बाळाला डॉक्टरांना मात्र दाखवायलाच हवं.

कागदावरचे फसवे शब्द

आता एकेक शब्द घेऊ. हे सगळे दवाखान्याच्या कागदांवर नेहमी दिसणारे आहेत.

१. के/सी/ओ : याचा अर्थ "हा आजार असल्याचं आधीपासून माहीत असलेला रुग्ण". पण त्यात "केस" हा शब्द येतो. मी तो मोठ्याने वाचला तेव्हा मुलीचे वडील दचकून म्हणाले, "पोरीवर केस कायची जी?" आपल्याकडे केस म्हणजे पोलीस आणि कोर्ट. म्हणून इथे "केस" म्हणायचंच नाही. "हिला हा आजार आधीपासून आहे, असं लिहिलंय" एवढं पुरे.

२. ई.ई.जी. नॉर्मल : माझी चूक. ई.ई.जी. म्हणजे मेंदूतल्या विजेच्या इशाऱ्यांचा आलेख. त्यात शॉक देत नाहीत, डोक्याला तारा लावून फक्त नोंद घेतात. ही नोंद थोड्या वेळाची असते. त्या वेळात गडबड झाली नाही तर आलेख स्वच्छ येतो. तलावाकडे अर्धा तास पाहिलं आणि मासा उसळला नाही, म्हणून तलावात मासे नाहीत असं होत नाही. बरोबर मराठी असं : "तपासणीच्या वेळी आलेखात गडबड दिसली नाही. पण म्हणून आजार नाही असं नव्हे. गोळ्या चालूच ठेवायच्या."

३. ऑरा : या शब्दाची गंमत आहे आणि धोकाही आहे. मूळ ग्रीक-लॅटिन अर्थ वाऱ्याची झुळूक. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याने एका तरुणाची हकिकत लिहून ठेवली आहे. झटका यायच्या आधी अंगात थंड वाऱ्यासारखं काहीतरी वर चढतं, असं तो सांगायचा. त्यावरून हा शब्द रुळला. आता याचं शब्दशः मराठी करा : वारं. आणि आपल्याकडे "अंगात वारं येणं" म्हणजे काय, हे सांगायला नको. शब्दकोशाप्रमाणे भाषांतर बरोबर, पण त्या एका शब्दाने रुग्ण दवाखान्याऐवजी भगताकडे जाईल. म्हणून मी सांगतो, "झटक्याची सुरुवात, जी फक्त तिला स्वतःलाच कळते." आमच्या मुलीला पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटायचं. कुणाला विचित्र वास येतो, कुणाला भीती दाटून येते. ही सुरुवात ओळखता आली तर मूल खाली बसू शकतं, आगीपासून, पाण्यापासून दूर होऊ शकतं.

४. ॲब्सेन्स : आपण शिक्षक हा शब्द रोज हजेरीपटावर पाहतो. इथे गैरहजेरी शरीराची नसून भानाची आहे. मूल काही सेकंद थांबतं, नजर स्थिर होते, पापण्या फडफडतात आणि लगेच पुन्हा कामाला लागतं. दिवसातून बरेचदा होऊ शकतं. शुद्धलेखनात मधले शब्द गळतात ते असेही गळू शकतात. मराठीत "भान हरपण्याचा छोटा झटका" म्हणावं. आमच्या मुलीचा प्रकार हा नव्हता. तिचं बघणं जास्त वेळ चालायचं आणि नंतर ती गोंधळायची. दोन्ही ठिकाणी शिक्षकाची चूक मात्र एकच होते, "लक्ष नाही" हा शेरा.

५. कॉम्प्लेक्स पार्शियल : जुन्या कागदांवर हमखास दिसतो. "गुंतागुंतीचा अर्धवट झटका" असं केलं तर पालक घाबरतात. मूळ अर्थ साधा : झटका मेंदूच्या एका भागातून सुरू होतो आणि त्या वेळी भान पूर्ण राहत नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने हे नावच बदललं आणि "फोकल" हा शब्द पुढे आणला, म्हणजे एका जागेपासून सुरू होणारा. आमच्या मुलीचा प्रकार हा. म्हणजे इंग्रजीतल्या डॉक्टरांनाही आपले जुने शब्द लोकांना कळत नाहीत, हे मान्य करावं लागलं.

६. स्टेटस : मोबाइलवरचं स्टेटस नव्हे आणि "सध्याची स्थिती" पण नव्हे. स्टेटस एपिलेप्टिकस म्हणजे न थांबणारा झटका, किंवा भान न येता एकामागोमाग येणारे झटके. ही जिवावरची वेळ असते. गोळ्या एकदम बंद केल्या तर हे होऊ शकतं. कागदावर हा शब्द दिसला की मराठीत ठासून सांगा : "हिला न थांबणारा झटका येऊन गेलाय, गोळी एकही चुकवायची नाही."

७. एन.सी.सी. : शाळेत एन.सी.सी. म्हणजे परेड. एम.आर.आय.च्या कागदावर याचा अर्थ मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ. आपल्या देशात झटक्यांच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. "मेंदूत किडे झाले" असं म्हणू नका, मूल रात्रभर झोपणार नाही. आणि "आम्ही तर माळकरी, मांस खात नाही" असं पालक म्हणाले तर समजवा : ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, हातांतून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. शाकाहारी घरातही होऊ शकतं. हात धुण्याचा धडा आपण शिकवतोच, तो इथे जोडा.

८. सीझर-फ्री, कंट्रोल्ड : "झटके आले नाहीत" आणि "आजार गेला" या दोन गोष्टी एक नव्हेत. कंट्रोल म्हणजे गोळीमुळे झटके आवरले आहेत. पुढे बऱ्याच मुलांच्या गोळ्या बंदही होतात, पण त्या डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात. आपण ठरवून नाही.

९. १-०-१, बी.डी., एस.ओ.एस. : १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आमच्या मुलीच्या लहान भावाने ते वाचलं "एकशे एक". हसू आलं, पण आईलाही त्याहून जास्त कळलं नव्हतं. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, शक्यतो बारा तासांच्या अंतराने. एस.ओ.एस. म्हणजे रोज नाही, गरज पडली तरच. नाकात मारायचा फवारा कागदावर असाच लिहिलेला असतो. तो रोज मारला किंवा गरजेच्या वेळी सापडला नाही, दोन्ही वाईटच.

ही अडचण फक्त आपली नाही

अमेरिकेत स्पॅनिश बोलणारी लाखो कुटुंबं आहेत. तिथे स्पॅनिशमधले वैद्यकीय कागद इंग्रजीत आणताना हेच होतं. स्पॅनिशमध्ये झटक्याला "क्रिसिस" म्हणतात. इंग्रजीत तसाच दिसणारा शब्द "क्रायसिस" आहे, पण त्याचा रोजचा अर्थ संकट. अनुभवी भाषांतरकार तिथे "सीझर" लिहितो, नवखा दिसायला सारखा म्हणून तोच शब्द ठेवतो. मग वाचणाऱ्या डॉक्टरला वाटतं, या मुलावर घरगुती संकट आलं होतं की काय. माझ्या "नॉर्मल"चीच ही बहीण.

गोळीच्या पाकिटावर तर आणखी गंमत. इंग्रजीत "वन्स" म्हणजे एकदा. त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द आहे "ओन्से", म्हणजे अकरा! अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश छापलेल्या पाकिटावर "दिवसातून एकदा"चं काय होऊ शकतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि एक प्रसंग गमतीचा मुळीच नाही. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे सांगत होते "इन्तोक्सिकादो". त्यांना म्हणायचं होतं, काहीतरी खाण्यातून बाधलंय. दवाखान्यात त्याचा अर्थ घेतला गेला, नशा केली. उपचार त्याच दिशेने झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तिथे प्रशिक्षित दुभाषा कोणी बोलावला नव्हता. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला शब्द कळला आहे.

इथे थांबून आपल्याकडे पाहा. आपणही त्या दुभाष्याच्या जागी बसतो, रोज, प्रशिक्षण नसताना.

एका ओळीत आलेले दोन शब्द

काही पालक आजार लपवतात. विशेषतः मुलीचा. कारण विचारलं तर एकच, "लग्नाचं काय?" या भीतीला आपल्या कायद्यातल्या भाषेनेही कधीकाळी हातभार लावला आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींत वेडाचे वारंवार झटके आणि अपस्माराचे वारंवार झटके एकाच ओळीत आले. चरकाने वेगळे ठेवलेले दोन आजार कायद्याने शेजारी बसवले. १९९९ च्या दुरुस्तीने त्या ओळीतून अपस्मार काढून टाकला. विशेष विवाह कायद्यातूनही तो गेला. कायदा सुधारून पंचवीस वर्षांवर झाली, पण गावात ती ओळ अजून बोलली जाते. म्हणून पालकसभेत हे स्पष्ट सांगा : हा वेडाचा प्रकार नाही आणि लग्नाला कायद्याची आडकाठीही नाही.

इतर देशांनी तर आजाराचं नावच बदललं. मलेशियात जुन्या नावाचा अर्थ "डुकराचं वेड" असा होता, तिथे आता "एपिलेप्सी" वापरतात. कोरियातही जुन्या नावात वेडाचा भाव होता. तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून मेंदूतल्या विजेशी जोडलेलं नवं नाव आणलं. आपल्याला नवं नाव शोधायची गरज नाही. आहेत ते शब्द नीट वापरले आणि "फेफऱ्या", "मिरगीवाली" अशा हाका वर्गात बंद केल्या तरी पुष्कळ आहे.

मग सांगायचं कसं? मी पाळतो ते पाच नियम

१. आधी विचारतो, मग सांगतो. "तुम्ही घरी याला काय म्हणता?" त्यांचा शब्द घेऊनच पुढे जातो.

२. इंग्रजी शब्द तसाच उचलून देत नाही. नॉर्मल, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, केस, स्टेटस हे शब्द आपल्या बोलण्यात आधीच वेगळ्या अर्थाने बसलेले आहेत. जो शब्द ओळखीचा वाटतो तोच जास्त फसवतो.

३. शब्दाचं नाही, कामाचं मराठी करतो. "याचा अर्थ तुम्ही घरी काय करायचं?" एवढं सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर मलाच कळलेलं नाही.

४. उलट सांगायला लावतो. "ताई, आता मला सांगा, गोळी कधी द्यायची? किती दिवस?" वर्गात आपण करतोच की. पालकांची परीक्षा घेतोय असं वाटू नये म्हणून म्हणतो, "मी नीट सांगितलं का ते बघतो."

५. जिथे अडतो, तिथे थांबतो. "हे मला कळत नाही, डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारू" असं म्हणायला लाज वाटू देत नाही. त्या दिवशी मी एवढं म्हटलं असतं तर पुढचं घडलं नसतं. मोबाइलवर फोटो काढून भाषांतर होतं, ते मीही वापरतो. पण "स्टेटस"चं "स्थिती" करून ते मोकळं होतं आणि आईच्या चेहऱ्याकडे ते पाहत नाही.

वर्गात झटका आला तर

हे मात्र भाषांतराशिवाय, सरळ पाठ करून ठेवा.

घड्याळ बघा. मुलाला हळूच खाली झोपवून कुशीवर वळवा. डोक्याखाली दप्तर किंवा शाल ठेवा. गळ्यातलं सैल करा. बाक, दगड, टोकदार वस्तू बाजूला करा. इतर मुलांना थोडं दूर बसवा.

तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ली देऊ नका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं.

पाच मिनिटांत थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला, मूल पाण्यात होतं, जोरात लागलं, किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असेल, तर १०८ ला फोन करा. नंतर मूल थकलेलं, गोंधळलेलं असतं. त्याला झोपू द्या आणि उठल्यावर वर्गात नेहमीसारखं बसू द्या.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी आणखी. पहिली, तलाव. आमची मुलं पोहायला, मासे धरायला, शिंगाडे काढायला पाण्यात उतरतात. झटके येणाऱ्या मुलाने पाण्यात एकट्याने कधीच उतरू नये. मोठं माणूस सोबत हवंच. दुसरी, झोप. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात आणि अख्खं गाव जागं असतं. जागरणाने झटका येण्याची शक्यता वाढते. मुलाला मंडई दाखवा, पाळण्यात सोबत बसा, पण नाटकाच्या पहिल्या अंकानंतर घरी झोपवा आणि रात्रीची गोळी चुकवू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या यादीत झटक्यांचे आजार आहेत. एकटक बघणारं, मध्येच हरवणारं मूल तुमच्या वर्गात असेल तर त्यांना आवर्जून दाखवा. आणि काय दिसलं ते साध्या मराठीत लिहून ठेवा : किती वाजता, किती वेळ, नजर कुठे, हात काय करत होते, नंतर बोललं का. अशी चार ओळींची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मोठमोठे शब्द त्यात नसले तरी चालतात.

वर्गासाठी उपक्रम

सातवी-आठवीच्या मुलांना घरून एक एक शब्द आणायला सांगा : दुखण्याचा, औषधाचा, तपासणीचा. फळ्यावर तीन रकाने करा. घरी काय म्हणतात, कागदावर काय असतं, खरा अर्थ काय. "नॉर्मल" आणि "केस" पासून सुरुवात करा. मी हा तास घेतला तेव्हा तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, ॲब्सेन्स म्हणजे मी हजर असून गैरहजर, असा प्रकार असतो ना? माझा वेगळा आहे." आणि मग तिने तिचा प्रकार सगळ्यांना समजावून सांगितला. न अडखळता. वर्ग गप्प ऐकत होता. मी तिला एकदा याच वर्गात उभं केलं होतं, ते मला आठवलं. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी परिपाठात पाच मिनिटं या विषयाला द्या, एवढी विनंती.

आणि पुढच्या वेळी कोणी कागद घेऊन आलं तर उभ्या उभ्या वाचू नका. खुर्ची द्या, पाणी द्या आणि निवांत बसून सांगा. तुमच्या गावात या आजाराला काय म्हणतात आणि कोणत्या शब्दाने तुम्हाला फसवलं, ते मला जरूर कळवा. यादी वाढवू या.

आपला,
एक शिक्षक, बोदलकसा परिसर